डाव्या बाजूने आलेले गोल

हॉकीचा विषय निघाला की मराठी घरातही पहिलं नाव येतं ते ध्यानचंद यांचं, आणि ते यायलाच हवं. पण १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा गोलतक्ता काढून पाहिला तर त्यात सगळ्यात वर दुसरंच नाव आहे. ध्यानचंद यांचे १२ गोल, आणि त्यांच्याही वर, १३ गोलांसह, त्यांचा धाकटा भाऊ रूपसिंग. जन्म १९०८, गाव जबलपूर.

दोन सामने, तेरा गोल. त्यातले दहा एकाच सामन्यात. ऑलिंपिक हॉकीत एका सामन्यात एका खेळाडूने एवढे गोल त्याआधी केले नव्हते आणि त्यानंतरही कुणी केलेले नाहीत. तरीही भारतीय हॉकीची गोष्ट सांगताना रूपसिंग यांच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धंच वाक्य येतं: ‘ध्यानचंद आणि त्यांचे बंधू रूपसिंग’. हा लेख त्या अर्ध्या वाक्यातल्या माणसाबद्दल आहे. तो कसा खेळला, खेळ संपल्यावर कसा जगला आणि त्याच्या नावाचं पुढे काय झालं, हे नीट मांडलं पाहिजे, कारण भारतातल्या कितीतरी खेळाडूंच्या आयुष्याची घडण याच साच्यातली आहे.

छावणीचं गाव

जबलपूरला हॉकी कशी आली हे समजायचं तर नर्मदा, भेडाघाट आणि संगमरवरी कडे क्षणभर बाजूला ठेवून छावणीकडे वळावं लागतं. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. सीताबर्डीच्या लढाईच्या सुमारास तो संपला आणि इंग्रजांनी लगेच लष्करी तळ टाकला. १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे आली. ७ मार्च १८७० रोजी ती मुंबईकडून आलेल्या जीआयपी रेल्वेला जबलपुरात मिळाली आणि मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पुरा झाला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. फौज, रेल्वे आणि दारूगोळा या तीन गोष्टींवर आधुनिक जबलपूर वाढलं. १८६१ पासून १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं. त्यामुळे वकील, मास्तर, कारकून, रेल्वेबाबू म्हणून आलेली मराठी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. जबलपूरच्या मराठी माणसाला नागपूर कधी परकं वाटलं नाही, ते त्यामुळेच.

छावणीत पलटणी यायच्या, दोन-तीन वर्षं राहायच्या आणि हुकूम आला की पुढच्या तळावर जायच्या. शिपायांची बायकामुलं त्यांच्यामागोमाग. ध्यानचंद आणि रूपसिंग यांचे वडील सामेश्वर सिंग हे अशाच एका पलटणीतले शिपाई, स्वतः हॉकी खेळणारे. थोरला ध्यानचंद १९०५ मध्ये अलाहाबादला जन्मला, रूप तीन वर्षांनी जबलपूरला. पुढे सरकारकडून झाशीत जागा मिळाली आणि घर तिथे स्थिरावलं. म्हणून ही भावंडं कायम ‘झाशीची’ म्हणून ओळखली गेली आणि जबलपूरच्या वाट्याला जन्मनोंदीपुरतं श्रेय उरलं.

पण ही नोंद नुसती कागदोपत्री नाही. हॉकी हा आपल्याकडे छावणीत वाढलेला खेळ आहे. जबलपूर, झाशी, मेरठ, जालंधर, आपल्याकडचं खडकी आणि कामठी: नकाशावर हॉकीची गावं मांडत गेलं की लष्करी तळांचीच यादी तयार होते. याचं कारण सरळ होतं. छावणीत सपाट मैदान असायचं, संध्याकाळी शिपायांना खेळायला लावणारा अधिकारी असायचा, पलटणी-पलटणींत चुरस असायची, आणि मैदानाच्या कडेला काठ्या घेऊन उभी असलेली शिपायांची मुलं असायची. स्टिक मिळाली नाही तर झाडाची वाकडी फांदी, चेंडू नसला तर चिंध्यांचा गोळा. बदल्यांमुळे शाळा तुटायची, मैदान तुटायचं नाही. ध्यानचंद यांचं शिक्षण अशाच बदल्यांमध्ये अर्ध्यावर राहिलं आणि १९२२ मध्ये ते फौजेत गेले. रूप त्यांच्या मागे वाढत होते, भावाच्या खेळाकडे बघत. खडकीच्या वसाहतीत पुढे हॉकीपटू धनराज पिल्ले घडला तो याच जातीच्या वातावरणात.

एक सूट आणि पाच आठवड्यांचं जहाज

१९३२ च्या संघात रूपसिंग यांची निवड झाली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. थोरला भाऊ १९२८ च्या अॅम्स्टरडॅमपासून जगाला माहीत झालेला. अशा वेळी धाकट्याची निवड झाली की वशिल्याची कुजबुज होतेच. तिला उत्तर द्यायची एकच जागा असते, ती म्हणजे मैदान.

त्या निवडीभोवती एक गोष्ट आजही सांगितली जाते. रूपसिंग नीटनेटके राहणारे, कपड्यांची हौस असलेले गृहस्थ. निवड झाली, पण अंगावर घालायला चांगले कपडे नाहीत, अशा अवतारात परदेशी जायचं नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. मग ध्यानचंद यांनी पदरच्या पैशातून भावाला कपडे घेतले, सूट शिवून दिला, तेव्हा कुठे ते जहाजावर चढले. या गोष्टीत गरिबी आहे, पण त्याहून जास्त अभिमान आहे. शिपायाच्या मुलाला देशाचं नाव घेऊन जायचं होतं आणि ते नाव चुरगळलेल्या सदऱ्यात नेणं त्याला मंजूर नव्हतं.

संघाकडेही पैसे नव्हते. जागतिक मंदी चालू होती. वाटेत प्रदर्शनीय सामने खेळायचे, तिकिटाचे पैसे जमवायचे आणि पुढचा प्रवास करायचा, असा एकंदर हिशोब. कोलंबोला सिलोनच्या संघाला २०-० हरवून ३० मे रोजी जहाज निघालं आणि ६ जुलैला अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. पाच आठवड्यांहून जास्त समुद्रावर. डेकवर धावायचं, जागेवर कसरत करायची. हॉकीपटूच्या पायाखाली गवत असावं लागतं. इथे पायाखाली लाकडी फळ्या आणि खाली पॅसिफिक महासागर.

चोवीस विरुद्ध एक

मंदीमुळे त्या वर्षी हॉकीसाठी तीनच संघ आले: भारत, जपान आणि यजमान अमेरिका. ४ ऑगस्टला भारताने जपानला ११-१ हरवलं. ध्यानचंद चार, गुरमितसिंग तीन, रूपसिंग तीन, डिकी कार एक. ११ ऑगस्टला समोर अमेरिका. तिथे पुरुषांची हॉकी अजून रांगत होती. निकाल २४-१. रूपसिंग दहा, ध्यानचंद आठ, गुरमितसिंग पाच, पिनिजर एक.

अमेरिकेचा एकमेव गोल कसा झाला याचीही गोष्ट सांगतात. भारताचा गोलरक्षक रिचर्ड अॅलन याला काही कामच उरलं नव्हतं. तो गोलखांबाच्या मागे जाऊन चाहत्यांना सह्या देत होता आणि तेवढ्यात चेंडू जाळ्यात गेला.

तुलनेने दुबळ्या संघावरचा मोठा विजय म्हणून हा आकडा बाजूला सारता येईल. पण तो घडला कसा, हे त्या काळच्या नियमांवरून पाहिलं तर अंगावर काटा येतो. सामना सत्तर मिनिटांचा. प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मधोमध आणायचा आणि ‘बुली’ करून खेळ पुन्हा सुरू करायचा. दोन्ही बाजूंचे सेंटर फॉरवर्ड समोरासमोर उभे राहणार, स्टिक जमिनीला टेकवणार, मग एकमेकांच्या स्टिकला लावणार, असं तीन वेळा, आणि मग झडप. त्या दिवशी हे पंचवीस गोलांमागे करावं लागलं. म्हणजे मधल्या रेषेवरून चेंडू सुटला, तीन-चार पासमध्ये वर्तुळात पोहोचला, जाळ्यात गेला, सगळे परत मध्यभागी. की पुन्हा तेच. सरासरीने तीन मिनिटांच्या आत एक गोल. समोरचा संघ दुबळा असला तरी एवढ्या वेळा, एवढ्या शिस्तीने, न कंटाळता हे करणं म्हणजे आघाडीच्या पाच जणांची एकमेकांशी असलेली घट्ट बोली. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक आणि एक गोलरक्षक, अशी त्या काळची मांडणी. बदली खेळाडू नाही. जो उतरला तोच शेवटपर्यंत.

परतीच्या वाटेवर संघ अमेरिका, युरोप असं खेळत आला. संपूर्ण दौऱ्यात ३७ सामने, ३३८ गोल, विरुद्ध फक्त ३४. त्यातले १३३ एकट्या ध्यानचंद यांचे. म्हणजे ऑलिंपिकच्या तक्त्यावर धाकटा पुढे, दौऱ्याच्या तक्त्यावर थोरला पुढे. दोघांमध्ये श्रेष्ठ कोण, हा वाद खुद्द ध्यानचंद यांनी मिटवून टाकला होता. रूप माझ्यापेक्षा चांगला खेळाडू आहे, असं ते म्हणत. थोरल्या भावाच्या मायेने काढलेले उद्गार म्हणून ते सोडून देणं सोपं आहे. पण रूपसिंग ज्या जागी खेळत, ती जागा नीट समजून घेतली तर ध्यानचंद काय म्हणत होते ते कळतं.

इनसाइड लेफ्ट

हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते. दुसरी बाजू गोल, आणि गोल बाजूने चेंडू मारला की फाउल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सगळ्यांनी उजव्या हाताचीच वापरायची. या साध्या गोष्टीमुळे हॉकीचं मैदान दोन्ही बाजूंना सारखं राहत नाही. उजवीकडून धावत येणाऱ्या खेळाडूला डावीकडे, म्हणजे मधल्या फॉरवर्डकडे, चेंडू देणं नैसर्गिक असतं, कारण स्टिकचा सपाट भाग आपसूकच त्या दिशेला असतो. डावीकडून येणाऱ्याला मात्र चेंडू उजवीकडे द्यायचा असतो. त्यासाठी एक तर पाय पुढे टाकून पूर्ण धड वळवायचं, नाहीतर मनगट फिरवून स्टिक उलटी करायची. दोन्हींत वेळ जातो, आणि समोरच्या बॅकला तेवढाच वेळ हवा असतो.

रूपसिंग इनसाइड लेफ्ट. आयुष्यभर त्यांनी या अडचणीच्या बाजूने खेळ केला. गोलवर फटका मारतानाही तीच अडचण: गोल उजव्या हाताला तिरका, कोन लहान होत जाणारा, आणि अंग वळवायला जागा नाही. अशा अवघड कोनातून येणारे त्यांचे जबर फटके हीच त्यांची ओळख होती. मधोमध ध्यानचंद, डाव्या हाताला रूपसिंग. विरुद्ध संघ ध्यानचंद यांच्यावर दोन माणसं लावायचा, आणि तेवढ्यात डावीकडची जागा मोकळी व्हायची. त्या जागेतून रूपसिंग आत शिरायचे. कधी स्वतः मारायचे, कधी मागच्या मागे चेंडू भावाला परत द्यायचे. लहानपणापासून एकाच अंगणात खेळलेल्या दोघांना एकमेकांकडे बघावं लागत नाही. थोरल्याच्या सावलीत धाकटा वाढला, असं वाक्य त्यांच्याबद्दल हमखास लिहिलं जातं. मैदानावरचं गणित तपासलं तर उलटंही तितकंच खरं ठरतं: ध्यानचंद यांना जी मोकळी जागा मिळायची ती डावीकडच्या भीतीने मिळायची. या दोघांना सुटं करून मोजताच येत नाही.

१९३५ मध्ये भारतीय संघ न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला तेव्हाही हे दोघे सोबत होते. ४८ सामन्यांत ५८४ गोल. ध्यानचंद यांचे त्यांतले २०१. अॅडलेडला डॉन ब्रॅडमन त्यांना भेटले आणि क्रिकेटमध्ये धावा काढाव्यात तसे हे गोल करतात, असं कौतुकाने म्हणाले.

बर्लिन, १५ ऑगस्ट

१९३६ चं बर्लिन. ध्यानचंद कर्णधार, रूपसिंग डावीकडे. पुण्याच्या बाजूचे बाबू निमल हाफबॅकच्या फळीत होते, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगं आहे. १७ जुलैला सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलं. संघ हादरला. आघाडीची फळी बळकट करायला अली दारा यांना तातडीने बोलावून घेण्यात आलं.

स्पर्धा सुरू झाल्यावर हंगेरीला ४-०, अमेरिकेला ७-०, जपानला ९-०, उपांत्य सामन्यात फ्रान्सला १०-०. अंतिम सामना १४ ऑगस्टला ठरला होता, पण पावसाने एक दिवस पुढे गेला. मैदान ओलं. सामन्याआधी सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलायच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा उलगडला आणि संघाने त्याला वंदन केलं. अधिकृतपणे हा संघ ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. पहिल्या अर्ध्यात जर्मनीने रोखून धरलं. मध्यंतरापर्यंत भारताला एकाच गोलची आघाडी घेता आली, आणि तो गोल रूपसिंग यांचा होता. दुसऱ्या अर्ध्यात ध्यानचंद यांनी बूट काढून टाकले आणि खेळाचा नूरच पालटला. निकाल ८-१. तारीख १५ ऑगस्ट. अकरा वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र होणार होता.

ओल्या गवतावर चेंडू थांबतो, अंदाज चुकतो, बलाढ्य संघही चाचपडतो. तशा अर्ध्यात पहिला गोल कोण करतो याला फार महत्त्व असतं. आठ गोलांच्या आकड्यात तो पहिला गोल हरवून गेला. रूपसिंग यांच्या बाबतीत हे वारंवार झालं.

ऐन उमेदीत असलेल्या या खेळाडूसाठी ऑलिंपिक मात्र इथेच संपलं. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक महायुद्धात बुडाली. १९४८ ला लंडनमध्ये स्वतंत्र भारताच्या संघाने सुवर्ण जिंकलं तेव्हा रूपसिंग चाळिशीला आले होते. दोन ऑलिंपिक, दोन सुवर्णपदकं, आणि पुढे युद्धाने खाल्लेली सगळी वर्षं.

शिंद्यांच्या फौजेत

आता गोष्ट त्या प्रश्नाकडे येते जो प्रत्येक खेळाडूच्या घरात विचारला जातो: पुढे पोट कसं भरायचं?

त्या काळात हॉकीतून पैसा मिळत नव्हता. सुवर्णपदक घरी आणलं की हारतुरे व्हायचे, भाषणं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर व्हावं लागायचं. ज्याला नोकरी नाही त्याला खेळच परवडायचा नाही. ध्यानचंद यांना फौजेने सांभाळलं. रूपसिंग यांना सांभाळलं ग्वाल्हेरने. साताऱ्याच्या कण्हेरखेडहून निघालेल्या शिंदे घराण्याच्या संस्थानाचं स्वतःचं लष्कर होतं. तिथे रूपसिंग यांना जागा मिळाली आणि ते कॅप्टन झाले. जबलपूरला जन्मलेला, झाशीत वाढलेला हा खेळाडू उरलेलं आयुष्य ग्वाल्हेरकर होऊन जगला.

संस्थानिकांनी खेळाडू पोसणं ही त्या काळची मोठी व्यवस्था होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खासबागचं मैदान उभारलं. भोपाळच्या नवाबांच्या राज्यात हॉकी बहरली. ग्वाल्हेरने हॉकीपटूला गणवेश दिला, हुद्दा दिला, महिन्याचा पगार दिला. त्यामागे संस्थानाची हौस होती, प्रतिष्ठेची चढाओढही होती. पण त्या हौसेमुळेच एका माणसाचं घर चाललं, हेही खरं.

या व्यवस्थेला एक बाजू अशी की ती दरबारच्या मर्जीवर चालायची. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. संस्थानी फौजा पुढे भारतीय सेनेत सामावल्या. जुने आश्रयदाते गेले आणि नव्या राज्याने खेळाडूंसाठी तशी व्यवस्था लगेच उभी केली नाही. ती पोकळी हळूहळू रेल्वेने, पोलिसांनी, सेनादलांनी आणि सरकारी कंपन्यांनी भरली, आणि पुढच्या पन्नास वर्षांची भारतीय हॉकी त्याच नोकऱ्यांवर तगली. मधल्या काळात जे निवृत्त झाले त्यांच्या वाट्याला पदकं आली आणि आठवणी आल्या. हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैलवान खाशाबा जाधवांना लोकांच्या वर्गणीवर आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर अवलंबून राहावं लागलं, ते याच काळात, १९५२ साली.

रूपसिंग १६ डिसेंबर १९७७ रोजी गेले. त्याच्या आदल्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली होती आणि १९२८ नंतर पहिल्यांदाच भारताला पदक मिळालं नव्हतं. संघ सातवा आला. ओल्या-सुक्या गवतावर, मनगटाच्या आणि नजरेच्या बळावर त्यांच्या पिढीने उभा केलेला खेळ त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. दोन वर्षांनी, ३ डिसेंबर १९७९ रोजी, दिल्लीत एम्सच्या सामान्य वॉर्डात ध्यानचंद गेले.

सोबत्यांच्या वाटा

रूपसिंग यांच्या सोबत्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं की एका संघाच्या आयुष्यात किती देश मावले होते ते कळतं. १९३२ चे कर्णधार लाल शाह बुखारी फाळणीनंतर पाकिस्तानचे राजनैतिक अधिकारी झाले आणि श्रीलंकेत उच्चायुक्त होते. बर्लिनला तातडीने बोलावलेले अली दारा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. दोन्ही ऑलिंपिकमध्ये रूपसिंग यांच्यासोबत आघाडीला खेळलेले सय्यद जाफर १९३७ मध्ये रावी नदीत बुडून गेले. अँग्लो-इंडियन खेळाडूंपैकी अनेक जण स्वातंत्र्यानंतर परदेशी स्थायिक झाले. त्यांच्या आधीचे, १९२८ चे कर्णधार जयपालसिंग मुंडा आदिवासींचे नेते झाले आणि संविधान सभेत बसले.

मैदानावरून सार्वजनिक आयुष्यात जाण्याची वाट दूरच्या देशांतही दिसते. आइसलँडचा पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू आल्बर्ट गुडमुंडसन याच पिढीच्या थोडा नंतरचा. तो ग्लासगोच्या रेंजर्सकडून, लंडनच्या आर्सेनलकडून, मग मिलान आणि पॅरिसच्या संघांकडून खेळला. मायदेशी परतल्यावर राजकारणात शिरला, १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला आणि हरला, १९८३ मध्ये अर्थमंत्री झाला, आणि पुढे फ्रान्समध्ये राजदूत. रेकयाविकच्या राष्ट्रीय मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. दोन-सव्वादोन लाख वस्तीच्या तेव्हाच्या त्या देशात खेळाडूचं पुढचं आयुष्य सगळ्यांच्या नजरेसमोर घडलं. आपल्याकडे रूपसिंग यांच्यासारखा माणूस आपल्याच गावात, आपल्याच रस्त्यावर, कॅप्टनसाहेब म्हणून शांतपणे जगला आणि देशाचं लक्ष दुसरीकडे होतं.

नाव राहिलं, खेळ गेला

ग्वाल्हेरच्या हॉकी मैदानाला कॅप्टन रूपसिंग यांचं नाव दिलं गेलं. पुढे ते मैदान क्रिकेटचं झालं. २२ जानेवारी १९८८ रोजी भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात तिथे पहिला एकदिवसीय सामना झाला. १९९७ ची मुंबई-दिल्ली रणजी फायनल तिथेच प्रकाशझोतात खेळली गेली. आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकरने त्याच मैदानावर १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. त्या रात्री महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘कॅप्टन रूपसिंग स्टेडियम’ हे शब्द दूरदर्शनच्या पडद्यावर झळकले. किती जणांनी विचारलं असेल की हे रूपसिंग कोण?

त्यानंतर त्या मैदानावर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झालेला नाही. ग्वाल्हेरजवळ शंकरपूरला माधवराव शिंदे यांच्या नावाचं नवं स्टेडियम उभं राहिलं आणि ६ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी झाली. हॉकीच्या माणसाचं नाव क्रिकेटच्या मैदानाला मिळालं, आणि मग क्रिकेटही पुढे निघून गेलं.

परदेशात मात्र अनपेक्षित ठिकाणी त्यांची आठवण निघाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या भुयारी रेल्वेच्या नकाशावरच्या स्थानकांना ऑलिंपिक वीरांची नावं देण्यात आली होती. त्यात तीन भारतीय हॉकीपटू होते: ध्यानचंद, लेस्ली क्लॉडियस आणि रूपसिंग. लंडनच्या माणसाला तक्ता उघडून बघावासा वाटला.

नाव देणं हा सन्मान आहे, यात शंका नाही. पण पाटीवरचं नाव स्वतःहून बोलत नाही. खेळाडूचं स्मरण त्याच्या खेळातून व्हावं लागतं: तो कुठे उभा राहायचा, चेंडू कसा घ्यायचा, अवघड बाजूने गोलापर्यंत कसा पोहोचायचा. हे सांगणारं कुणी नसेल तर स्टेडियम ही नुसती इमारत उरते.

जबलपूरने काय करावं

जबलपूर हे खेळाचं गाव होतं आणि आजही आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला हॉकी संघातल्या मधु यादव याच शहराच्या. इथल्या राज्य तिरंदाजी अकादमीत घडलेल्या मुस्कान किरारने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सांघिक रौप्य आणलं. ग्वाल्हेरमध्ये २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी आहे आणि तिने राष्ट्रीय संघाला सुशीला चानूसारखी कर्णधार दिली. म्हणजे रूपसिंग जन्मले ते शहर आणि जगले ते शहर, दोन्हीकडे आज मुली खेळत आहेत. ध्यानचंद यांचा वाढदिवस, २९ ऑगस्ट, देश राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी मध्य प्रदेशातल्या प्रत्येक हॉकी मैदानावर डाव्या बाजूच्या खेळाडूंना रूपसिंग यांच्याबद्दल सांगितलं जावं, इनसाइड लेफ्टच्या जागेवरून केलेल्या त्यांच्या खेळाची उजळणी व्हावी, आणि जबलपूरच्या छावणीतल्या एखाद्या मैदानावर त्यांचा जन्म, त्यांचे १३ गोल आणि बर्लिनचा पहिला गोल असं तीन ओळींत कोरलं जावं, एवढं तर नक्कीच करता येईल. यासाठी कोटींची तरतूद लागत नाही.

निवृत्त खेळाडूला समाज दोन गोष्टी देणं लागतो. पोटाला काम आणि खेळाची अचूक आठवण. रूपसिंग यांना पहिली गोष्ट एका मराठी राजघराण्याच्या संस्थानाने दिली. त्या काळी तिची किंमत मोठी होती आणि ती मान्य केली पाहिजे. दुसरी गोष्ट द्यायची जबाबदारी आपली होती. खेळाचं लेखन करणारे, शाळेत क्रीडाशिक्षक असणारे, मुलांना संध्याकाळी मैदानावर नेणारे आईबाप, सगळ्यांची. ती आजही बाकी आहे. पुढच्या वेळी कुणी ‘ध्यानचंद आणि त्यांचे बंधू’ असं म्हणालं तर वाक्य तिथे थांबू देऊ नका. त्यांचं नाव रूपसिंग, जन्म जबलपूरचा, ते डाव्या बाजूने खेळायचे, आणि ऑलिंपिकच्या एका सामन्यात दहा गोल करणारा त्यांच्यासारखा दुसरा खेळाडू अजून झालेला नाही, हे पूर्ण करून सांगा.